चावीवाल्यांच्या गाडीतला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पण कपाटावर धूळ खात पडलेला नव्हे. मी गाडीतला रेडिओ आहे आणि आजही रोज कामावर जातो. जुना म्हटलं की लोक लगेच चुकचुकतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा आवाज खणखणीत आहे, माझी सगळी बटणं जागच्या जागी आहेत, आणि माझ्या पोटात एक कॅसेट आहे. ती कित्येक वर्षांत बाहेर आलेली नाही. तिच्यापायी आमच्या घरात काय रामायण घडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म गाड्यांच्या कारखान्यात झाला. गाडी आणि मी एकाच छपराखाली तयार झालो. बाजारातून आणून मागाहून बसवलेले रेडिओ वेगळे. ते भाडेकरूसारखे असतात, कुठूनतरी खुळखुळतात. माझ्या कपाळाची गोलाई डॅशबोर्डच्या गोलाईला अशी जुळते, की मधे नखसुद्धा जायचं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या काळी गाडीतले रेडिओ चोरणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. काच फोडायची, रेडिओ उपसायचा आणि पोबारा करायचा. कारखान्यातली माणसंही काही कमी नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यातच एक कुलूप बसवून दिलं. माझी वीज एकदा तुटली, की मी मुका होतो. पुन्हा वीज मिळाली तरी गात नाही. पडद्यावर फक्त ‘कोड’ असा शब्द दाखवतो. चार आकड्यांचा बरोबर कोड दिला तरच तोंड उघडतो. चोराच्या हाती काय लागणार? बटणं असलेली वीट!

हा कोड भरायची रीत नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आकडे लिहायचे नसतात, बटणं मोजून दाबायची असतात. पहिला आकडा दोन असेल, तर पहिलं बटण दोनदा. दुसरा आकडा एक असेल, तर दुसरं बटण एकदा. असं चौथ्या बटणापर्यंत जायचं आणि मग हात मागे घेऊन वाट पाहायची.

आता माझं नशीब बघा. ज्यांनी ही गाडी घेतली त्यांचा धंदाच कुलपांचा. कुलपं दुरुस्त करायची, हरवलेल्या किल्ल्या बनवायच्या, दार आतून लागलं की धावत जाऊन उघडून द्यायचं. सगळा भाग त्यांना चावीवाले म्हणूनच ओळखे. विक्रेत्याने माझ्या कोडबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

“म्हणजे हे गाणारं कुलूप आहे म्हणा की!” ते म्हणाले आणि माझ्या कपाळावर त्यांनी प्रेमाने थाप मारली.

कोडचं कार्ड त्यांनी त्याच संध्याकाळी काडी लावून जाळलं. कुलूप आणि त्याची किल्ली एकाच घरात ठेवणाऱ्यांच्या जिवावरच आपलं दुकान चालतं, असं ते हसत हसत म्हणत. स्वतः ते हा गाढवपणा कसा करतील? पण आपणच कोड विसरलो तर, ही धास्तीही त्यांना होतीच. मग त्यांनी एक नामी युक्ती काढली. त्या दिवसापासून ते घराचं दार एका ठरावीक तालात वाजवू लागले. टक टक. टक. टक टक टक. टक. दोन, एक, तीन, एक. घरातल्यांनाही त्यांनी तीच सवय लावली. “ही आपल्या घराची टकटक. अशी वाजली म्हणजे आपलंच माणूस. बेधडक दार उघडायचं,” एवढंच त्यांनी सांगितलं. त्यामागचं कारण कोणालाच सांगितलं नाही.

आमची गाडी दाराच्या अगदी समोर उभी असते, त्यामुळे ती टकटक मला रोज ऐकू यायची. बायको भाजी घेऊन आली, टकटक. मुलगी शाळेतून आली, टकटक. पुढे पुढे तर पेपरवालाही तसंच दार वाजवायला शिकला. इतकं उघड्यावर ठेवलेलं गुपित जगात दुसरं नसेल. मला मनातल्या मनात हसू फुटायचं.

त्यांची मुलगी लहानपणी चांगली गुबगुबीत होती, म्हणून तिचं नाव पडलं ढब्बू. ती आता उंच, सडपातळ झाली आहे आणि वडिलांचं दुकान चालवते, तरी घरात ढब्बूच. तिच्या आईला मीही आईच म्हणतो. आमच्या घरात दुसरं काही म्हणायची सोय नाही, कारण आई सगळ्यांनाच दटावते, मलासुद्धा.

एकदा गाडीची बॅटरी बदलावी लागली. चावीवाल्यांनी मागच्या सीटवरच्या ढब्बूला डोळे मिटायला लावले, माझ्यावर वाकले आणि बटणं दाबली. मी गाऊ लागताच ते म्हणाले, “उघडलं!” दुकानात कुलूप उघडलं की ते असंच म्हणत. खुशीत, जरा लांबवून. ज्याचं कुलूप असेल त्या गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा. आणि एखादा म्हणाला, की जाऊ द्या हो, बिघडलेलं दिसतंय, नवंच घेतो, तर त्यांना राग यायचा. “बिघडलेलं नाहीये ते. बंद आहे. बिघडलेलं वेगळं आणि बंद वेगळं,” असं ठणकावून ते पुन्हा कामाला लागायचे.

आता कॅसेटकडे येतो. ती चावीवाल्यांनी स्वतः घरी बसून भरली होती. एका रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, आवडीचं गाणं लागलं की बटण दाबायचं आणि श्वास रोखून बसायचं. एका सुरेल गाण्याचा शेवट येत होता आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “अहो, चहा गार होतोय!” ती हाक गाण्याबरोबर कॅसेटमध्ये जाऊन बसली. चावीवाल्यांनी ती कधीच पुसली नाही. गाडीत ती हाक वाजली, की ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत मोठ्याने उत्तर द्यायचे, “आलो गं, आलो!” आणि आई तर शेजारीच बसलेली असायची.

“पुसून टाका ना ते. लोक ऐकतात, कसंतरीच वाटतं,” ती म्हणायची.

“गाणं पुसेन, पण ही हाक नाही पुसणार,” ते म्हणायचे.

अशी मजेत वर्षं गेली. रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, त्यांच्यात पाटीएवढे चकचकीत स्क्रीन आले. ढब्बूचं लग्न झालं आणि घरात जावई आला. माणूस वाईट नाही हो. नव्या वस्तूचं खोकं दिसलं की त्याचे डोळे लकाकतात, एवढंच. दर सुट्टीला तो माझ्याकडे बघून म्हणायचा, “बाबा, याला आता पेन्शन द्या. बोट लावलं की चालणारा मस्त स्क्रीन बसवून देतो.” चावीवाले हसून माझा आवाज वाढवायचे. मला त्याची कधी भीती वाटली नाही. पाठीशी असं माणूस असल्यावर कशाला वाटेल?

मग एका सकाळी चावीवाले दुकानात कानस उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. त्यांना सगळं कळत होतं. डोळे पूर्वीसारखेच चमकत होते. शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. आकडे तर पार विस्कटून गेले होते. चार दाखवायचे असले तर बोटं वेगळंच काही दाखवत. होकारासाठी मान हलवायला जावं, तर ती नकाराची हलायची. दिवसभर बडबड करणारा तो माणूस गप्प झाला आणि आमचं घरच गप्प झालं.

ढब्बू त्यांना गाडीतून वाचा-उपचाराच्या बाईंकडे नेऊ लागली. आई मागे बसायची. पहिले काही दिवस गाडीत कोणी माझं बटणही दाबलं नाही. मग एकदा ती शांतता असह्य झाली असावी, म्हणून ढब्बूने कॅसेट लावली. एक गाणं झालं, दुसरं झालं, आणि ती हाक आली. “अहो, चहा गार होतोय!”

“आलो गं,” चावीवाले म्हणाले.

अगदी स्वच्छ. आजारपणानंतरचे त्यांचे ते पहिले शब्द. ढब्बूने गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर आई पदराने डोळे पुसत होती. मित्रांनो, मी आयुष्यात भल्याभल्यांची गाणी वाजवली आहेत, पण त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

उपचाराच्या बाईंनी ते ऐकलं आणि त्या फार खूश झाल्या. गाण्याच्या वाटेने कधीकधी बोलणं परत येतं, म्हणाल्या; ही कॅसेट रोज वाजवा, खंड पडू देऊ नका. आम्ही तसंच केलं. चावीवाले आधी नुसते गुणगुणू लागले, मग गाण्यातले शब्द तुटक तुटक येऊ लागले. ढब्बूने तीच गाणी फोनवरही लावून पाहिली. ती गोळीबंद, स्वच्छ होती, पण त्यांत मधे चहा गार होत नव्हता. चावीवाले नुसते ऐकत राहायचे.

आणि अशा ऐन भरात आमच्या गाडीची बॅटरी बसली.

जावयाने मोठ्या मायेने, कोणालाही त्रास न देता, स्वतः नवी बॅटरी आणून बसवली. मला जाग आली. समोर ढब्बू होती, शेजारी चावीवाले होते. मला गायचं होतं. पण नियम तो नियम. मी पडद्यावर दाखवलं, ‘कोड’.

“कोड? कसला कोड?” ढब्बू म्हणाली. आईला विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं. चावीवाल्यांना विचारायची सोय नव्हती. तरी ढब्बूने आकड्यांची पाटी त्यांच्यासमोर धरली. त्यांचं बोट सगळ्या पाटीवरून भिरभिरलं आणि ते वैतागून खिडकीबाहेर बघू लागले. मग गाडीच्या जुन्या पुस्तिकेतली कोड भरायची रीत वाचून अंदाज सुरू झाले. बाबांचा वाढदिवस. चूक. आईचा. तोही चूक. लग्नाची तारीख भरून झाली, घराचा क्रमांक भरून झाला. प्रत्येक चुकीला मी जास्त जास्त वेळ गप्प बसत होतो. त्यात माझा इलाज नाही, मला बनवलंच तसं आहे.

शेवटी ढब्बू वायरिंगवाल्याकडे गेली. गाड्यांमधल्या दिव्यांची, भोंग्यांची, रेडिओंची कामं करणारा हा मनुष्य बोलायला तुटक, पण हाताचा हलका होता. त्याने मला पाहिलं, एक फोन केला आणि मान हलवली. “कंपनीकडे विचारून पाहिलं. इतक्या जुन्या रेडिओचा कोड त्यांच्याकडे नाही. आणि ताई, आता जपून. आणखी एक चूक झाली, की हा कायमचा बंद. मग कोणी काही करू शकत नाही.”

“आणि आतली कॅसेट?”

“बंद असेपर्यंत बाहेर येत नाही. फोडून काढता येईल, पण फीत जुनी आहे. तुटली तर तुटली.”

ढब्बू घाबरली. चुकून कोणाचा धक्का लागू नये, म्हणून तिने माझ्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली. आणि मित्रांनो, गंमत म्हणा की दैव म्हणा, ज्याला कोड येत होता नेमका त्याचाच हात तिने अडवला. चावीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी पट्ट्यात अडकलेलं अंग वळवून डावा हात माझ्याकडे आणला. तिने तो हळूच धरून त्यांच्या मांडीवर ठेवला. “नको बाबा. आता हात लावायचा नाही.”

तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर डाव्या हाताने वाजवलं. टक टक. टक. टक टक टक. टक.

मी आतल्या आत ओरडलो, अगं हाच! हाच तो! पण कुलूपबंद रेडिओचं ऐकतो कोण?

“दार वाजवतायत,” आई मागून म्हणाली. “घरी जायचंय गं त्यांना. दमले असतील.”

झालं. ढब्बूने गाडी वळवली आणि उपचार बुडवून सगळे घरी आले. चावीवाले लालबुंद झाले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी पुन्हा वाजवलं, आणखी जोरात. गाडी पुन्हा घरी. मान हलवून ते नाही नाही म्हणत होते, पण त्यांच्या मानेवर घरात आता कोणाचा विश्वास उरला नव्हता. जगातलं कुठलंही दुसरं घर असतं, तर कोणीतरी त्या ठोक्यांकडे नीट लक्ष दिलं असतं. आमच्या घराला त्या टकटकीचा एकच अर्थ माहीत होता: दार उघडा, घरी यायचंय.

हळूहळू चावीवाल्यांनी गुणगुणणंही सोडलं. उपचाराच्या बाई म्हणाल्या, मागे पडतोय आपण. तेव्हा जावई म्हणाला, “ढब्बू, मला वाईट वाटतंय, माझ्यामुळे झालं. पण हा रेडिओ बिघडलाय. काढून टाकू. कॅसेट वाचली तर वाचली. नवा स्क्रीन मी आणलाय.” ढब्बू नुसतं बरं म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं, की ती आशा सोडून बोलते आहे.

ठरलेल्या दिवशी आम्ही वायरिंगवाल्याच्या दुकानासमोर उभे राहिलो. आईही आली होती, जावईही खोकं घेऊन आला होता. वायरिंगवाल्याने दोन वाकड्या सळ्या माझ्या दोन्ही गालांत सारल्या आणि ओढलं. मी अर्धा बाहेर आलो. जन्मल्यापासून जिथे बसलो होतो, त्या जागेतून पहिल्यांदाच हाललो होतो. मागे वायरी अजून जोडलेल्या होत्या, म्हणून शुद्ध होती. मी घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. पण माझ्यापेक्षा चावीवाल्यांची अवस्था वाईट होती. ते खिडकीच्या काचेवर वाजवायला लागले. टक टक. टक. टक टक टक. टक. थांबून पुन्हा. पुन्हा.

“झालंच हं, जाऊ या घरी,” आई म्हणाली.

वायरिंगवाल्याचा हात थांबला. “हे काय वाजवतायत? सारखं तेच तेच?”

“आमच्या घराची टकटक आहे ती,” ढब्बू म्हणाली. “आम्ही सगळे असंच दार वाजवतो. लहानपणापासून.”

“तुझ्या लहानपणापासून,” आई म्हणाली. “माझं लग्न झालं तेव्हा साधी कडी वाजवायचे. हे खूळ गाडी आली त्या दिवसापासूनचं. गाडीच्या आनंदात डोकं फिरलं असेल, म्हटलं.”

ढब्बूने ते ठोके बोटांवर मोजले: दोन, एक, तीन, एक. शेवटी मुलगी चावीवाल्यांची. लहानपणापासून तिने बापाला कुलपाला कान लावून बसलेलं पाहिलं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. हलक्या आवाजात विचारलं, “बाबा, गाडी आली त्या दिवसापासून?”

चावीवाल्यांनी वाजवणं थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसू लागले.

“अगं बाई,” आई म्हणाली.

“एकच संधी आहे हां,” वायरिंगवाला म्हणाला.

“माहीत आहे,” ढब्बू म्हणाली. तिने चिकटपट्टी ओढून काढली. पण बटणं तिने दाबली नाहीत. वडिलांचा पट्टा सोडला, त्यांना माझ्याकडे वळवलं आणि त्यांचा डावा हात माझ्यासमोर आणून सोडून दिला. “तुम्हीच उघडा, बाबा.”

जावयाने हातातलं खोकं खाली ठेवलं. चावीवाल्यांचा ताल चुकत नव्हता. पहिलं बटण, टक टक. दुसरं, टक. तिसरं, टक टक टक. चौथं, टक. मग त्यांनी हात मागे घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते.

अर्धा बाहेर लोंबकळत, वायरींच्या आधाराने, मी गाऊ लागलो. जिथे थांबलो होतो तिथूनच. गाण्याचा शेवटचा सूर आला, तो संपला आणि माझ्या पोटातून तरुण आई ओरडली, “अहो, चहा गार होतोय!”

सगळे चावीवाल्यांच्या तोंडाकडे बघू लागले. ते आता काय म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांनी कॅसेटला उत्तर दिलं नाही. ते ढब्बूकडे वळले. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

“उघडलं,” ते म्हणाले. खुशीत, जरा लांबवून. “ढब्बू. उघडलं!”

हे शब्द कॅसेटमध्ये नव्हते, मित्रांनो. ते त्यांचे स्वतःचे होते.

वायरिंगवाल्याने मला जागेवर ढकललं आणि माझ्या गालावरची धूळ आपल्या बाहीने पुसली. जावयाने तो स्क्रीन स्वतःच्या गाडीत बसवला आणि आता तो त्यावर खूश आहे. चावीवाले अजून कमी बोलतात, अडखळतात, कधी चुकीचा शब्द येतो. पण दुपारी दुकानात जाऊन बसतात आणि ढब्बूच्या हातून कुलूप उघडलं की तिच्या आधी ओरडतात.

आता बोलण्याच्या भरात मी माझा कोड तुम्हाला सांगून बसलो, हे माझ्या लक्षात आलं आहे. असू दे. तसाही तो आमच्या पेपरवाल्याला ठाऊक आहेच. पण त्या बदल्यात माझं एक ऐका. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू गप्प झाली, किंवा एखादं जुनं माणूस गप्प झालं, तर बिघडलं असं म्हणून लगेच हात झटकू नका. ते बिघडलेलं आहे की नुसतं बंद आहे, हे आधी बघा. त्याच्याजवळ बसा. ते रोज काहीतरी वाजवत असेल आणि त्याचा अर्थ आपल्याला कळलाय असं समजून तुम्ही रोज गाडी घराकडे वळवत असाल.

चला, दार वाजतंय. टक टक. टक. टक टक टक. टक. आज डाव्या हाताचे ठोके आहेत. चावीवाले एकटे फिरून आलेले दिसतात. आतून आई विचारते आहे, “कोण आहे?” तिला पक्कं ठाऊक असतं कोण आहे ते. तरी ती रोज विचारते, आणि दार उघडायच्या आधी थांबून राहते.

“आलो गं,” ते म्हणतात.